विद्यार्थ्यांसाठी ध्यान: धार्मिक विधीविना, केवळ विश्रांतीसाठी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

सोलापुरातील शाळा, कनिष्ठ महाविद्यालये आणि स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांमधून मुलांना काही मिनिटे शांत बसायला शिकवावे, असे अनेक शिक्षकांना वाटते. मात्र त्याबरोबर शंकाही येतात. काही पालकांना हा धर्मप्रसार वाटतो, तर काहींना त्यात पुरेसा धर्म नाही अशी तक्रार असते. दोन्ही बाजूंकडून नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

या सत्रात विद्यार्थी नेमके काय करतात?

विद्यार्थी आपापल्या बाकावर बसतात, पाय जमिनीवर टेकवतात, हात मांडीवर किंवा बाकावर ठेवतात आणि पाच ते दहा मिनिटे एका साध्या गोष्टीकडे लक्ष देतात. ती गोष्ट बहुधा स्वतःचा श्वास असते. मन दुसरीकडे गेले, आणि ते जातेच, तर तसे लक्षात आल्यावर पुन्हा श्वासाकडे यायचे, एवढाच सराव आहे. डोळे मिटणे ऐच्छिक असते. ज्यांना मिटायचे नसतील त्यांनी नजर बाकावर खाली ठेवावी.

लहान वर्गांना आणि खेळाच्या तासानंतर दमून आलेल्या मुलांना दुसरा प्रकार अधिक जमतो. त्यात मूठ घट्ट आवळून काही सेकंद धरायची आणि मग एकदम सैल सोडायची. त्यानंतर खांदे, चेहरा, पोट, पाय अशा क्रमाने तेच करायचे. एडमंड जेकबसन या अमेरिकी डॉक्टरांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्नायू क्रमाने सैल करण्याची ही पद्धत विकसित केली आणि आजही मानसोपचारात ती वापरली जाते. ज्याला श्वासाकडे लक्ष देणे अवघड जाते, त्याला ताणलेला खांदा आणि सैल सोडलेला खांदा यांतील फरक लगेच कळतो.

ध्यानाचे मूळ धार्मिक परंपरेत आहे. मग त्याला धर्मनिरपेक्ष कसे म्हणता येईल?

मूळ धार्मिक परंपरांत आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. बौद्ध आणि योग परंपरांनी ते शतकानुशतके जपले. सूफी आणि ख्रिस्ती साधकांकडेही त्याची रूपे आहेत. परंतु गेल्या पन्नास वर्षांत त्यातील काही सराव वैद्यकाच्या चौकटीत स्वतंत्रपणे वापरले गेले आहेत. हार्वर्ड विद्यापीठातील हृदयरोगतज्ज्ञ हर्बर्ट बेन्सन यांनी १९७०च्या दशकात असे मांडले की, एखादा शब्द वा श्वास यांची शांतपणे पुनरावृत्ती केली आणि मध्ये येणाऱ्या विचारांशी झगडा केला नाही, तर शरीर विश्रांतीच्या अवस्थेत जाते आणि त्यासाठी तो शब्द धार्मिक असण्याची गरज नसते. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात दीर्घकाळ आजारी असलेल्या रुग्णांसाठी काही आठवड्यांचा ध्यानाचा कार्यक्रम सुरू केला. ते स्वतः बौद्ध परंपरेत शिकलेले होते, तरी रुग्णालयात त्यांनी त्या परंपरेतील विधी किंवा श्रद्धा रुग्णांसमोर ठेवल्या नाहीत.

तरीही केवळ ‘धर्मनिरपेक्ष’ असा शिक्का मारला म्हणजे एखादा उपक्रम तसा होतो, असे नाही. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातल्या सरकारी शाळांमध्ये भावातीत ध्यान (महर्षी महेश योगी यांनी प्रसार केलेला, मंत्राचा मनात जप करण्याचा प्रकार) हा ऐच्छिक विषय म्हणून शिकवला जात होता आणि हे विज्ञान आहे, धर्म नाही, असे तो शिकवणाऱ्यांचे म्हणणे होते. प्रत्यक्षात प्रत्येक विद्यार्थ्याला मंत्र देण्यापूर्वी एक पूजा होत असे. ती शाळेबाहेर, रविवारी होई. विद्यार्थ्याने फळे, फुले आणि पांढरा रुमाल आणायचा आणि शिक्षकाने गुरूंच्या प्रतिमेसमोर संस्कृत पठण करायचे. संघीय न्यायालयाने १९७७ मध्ये हा उपक्रम राज्यघटनेच्या विरुद्ध ठरवला आणि १९७९ मध्ये अपिलातही तोच निर्णय कायम राहिला. विषयाला काय नाव दिले आहे यावर न्यायालय थांबले नाही. विद्यार्थ्याकडून काय करून घेतले जाते, हे त्याने पाहिले.

आम्हीही तीच कसोटी लावतो. सत्रात मंत्र नसतो, प्रतिमा नसते, दिवा किंवा उदबत्ती नसते, कोणाला नमस्कार करायचा नसतो आणि आत्मा, पुनर्जन्म, चक्रे, ऊर्जा यांविषयी कोणतेही विधान केले जात नाही. या विषयांवर मुलांनी प्रश्न विचारले, तर ते घरी वडीलधाऱ्यांना विचारावेत, असे सांगून शिक्षकाने पुढे जावे.

कायदा याविषयी काय सांगतो?

भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद २८ नुसार, पूर्णपणे शासकीय निधीतून चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. शासनमान्य किंवा अनुदानित संस्थेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय, आणि तो अल्पवयीन असल्यास पालकाच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. श्वासाचा साधा सराव हे धार्मिक शिक्षण नव्हे, असे आमचे मत आहे. तरीही संमतीचे तत्त्व आम्ही जसेच्या तसे पाळतो. सत्र सुरू करण्यापूर्वी पालकसभेत ते प्रत्यक्ष करून दाखवावे, शाळा व्यवस्थापन समितीपुढे विषय ठेवावा आणि लेखी संमती घ्यावी. पालकांनी स्वतः पाच मिनिटे बसून पाहिले की निम्म्या शंका तेथेच मिटतात. उरलेल्या शंका बहुधा रास्त असतात आणि त्यांची दखल घ्यावी लागते.

आमच्या शाळेत परिपाठात ओंकार होतोच. त्याला हे जोडले तर चालेल का?

नाही. परिपाठात काय असावे हा शाळेचा प्रश्न आहे. मात्र हे सत्र त्यापासून वेगळ्या वेळी आणि शक्यतो वेगळ्या जागी घ्यावे. सोलापुरातील एका वर्गात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दू बोलणाऱ्या घरांतील मुले शेजारी-शेजारी बसतात. लिंगायत, पद्मशाली, मुस्लिम, बौद्ध, जैन, ख्रिस्ती अशी घरे त्या हजेरीपटात असतात. ओंकार सुरू झाला की त्यांतील एखादे मूल केवळ ओठ हलवते. ते तक्रार करत नाही, म्हणून त्याला ते चालते असा अर्थ काढू नये. ज्या मुलाचे सारे लक्ष आपण वेगळे दिसू नये याकडे लागलेले असते, त्याला त्या पाच मिनिटांत विश्रांती मिळणे शक्यच नसते.

उलट दिशेनेही काळजी घ्यावी. घरी नमाज, इष्टलिंगपूजा किंवा बुद्धवंदना करणाऱ्या मुलाला ‘हे त्याहून शास्त्रीय आहे’ असे शिक्षकाने कधीही सुचवू नये.

शाळांमधून शिकवले जाणारे ‘आनापान’ आणि हे एकच आहे का?

नैसर्गिक श्वासाचे निरीक्षण दोन्हींत आहे. राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने विपश्यना संस्थेच्या सहकार्याने ‘मित्र उपक्रम’ राबवला, त्यामुळे अनेक शिक्षकांना आनापान परिचित आहे. ती एका विशिष्ट परंपरेने, तिच्या ठरावीक क्रमाने शिकवली जाणारी पायरी आहे आणि तिच्यापुढे दहा दिवसांच्या शिबिराची वाट आहे. आमच्या सत्राला पुढची पायरी नाही. ज्या शाळेत आनापान नीट चालू आहे, तेथे हे वेगळे सुरू करण्याची आवश्यकता आम्हाला वाटत नाही.

यामुळे शरीरात काय घडते?

भीती किंवा घाई जाणवली की अनुकंपी मज्जासंस्था आणि अ‍ॅड्रेनल ग्रंथी कामाला लागतात. हृदयाचे ठोके वाढतात, श्वास छातीत वरच्यावर चालतो, तळहातांना घाम येतो, पोट आवळल्यासारखे होते. गणिताच्या पेपरला बसलेल्या मुलाला हे सारे ओळखीचे असते. याच्या उलट काम परानुकंपी संस्था करते आणि तिची मुख्य वाहिनी म्हणजे मेंदूपासून हृदय आणि पोटापर्यंत जाणारी व्हेगस चेता. श्वास आत घेताना हृदयाचा वेग किंचित वाढतो आणि सोडताना तो कमी होतो, कारण श्वास सोडताना व्हेगस चेतेचा हृदयावरील प्रभाव वाढतो. म्हणून उच्छ्वास थोडा लांबवला की शरीर शांत होण्याकडे झुकते.

हे मुलांना नुसते सांगण्याऐवजी दाखवावे. अंगठ्याच्या बाजूला, मनगटावर दोन बोटे ठेवून नाडी शोधायला लावावी, मग चार अंकांपर्यंत श्वास आत घेऊन सहा अंकांपर्यंत सोडायला सांगावे. किशोरवयात हा फरक चांगला ठळक असतो. आत घेताना ठोके जवळजवळ येतात, सोडताना त्यांच्यातले अंतर वाढते आणि आपल्याच बोटांखाली हे होताना पाहून मागच्या बाकांवरची मुलेही चाट पडतात. नववी-दहावीच्या विज्ञानाच्या शिक्षकांनी हा प्रयोग सत्राच्या पहिल्याच दिवशी घ्यावा, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. त्यानंतर ‘हे कोणत्या धर्माचे?’ हा प्रश्न फारसा येत नाही.

गुण वाढतील का?

असे आश्वासन आम्ही देत नाही आणि ‘स्मरणशक्ती वाढवा’ असे फलक लावणाऱ्यांकडे सावधपणे पाहावे, असे सुचवतो.

पुरावा काय सांगतो ते पाहू. २०१४ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी ४७ चाचण्या आणि सुमारे ३,५०० प्रौढ व्यक्तींची माहिती एकत्र तपासली. ध्यानाच्या कार्यक्रमांनी चिंता आणि नैराश्य काही प्रमाणात कमी होते, असे त्यांना आढळले. मात्र व्यायाम किंवा औषधे यांसारख्या उपायांपेक्षा ध्यान सरस आहे, असा पुरावा मिळाला नाही. शाळांविषयी अधिक बोलकी चाचणी ब्रिटनमधील आहे. तेथे ११ ते १४ वर्षांच्या आठ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांपैकी निम्म्या शाळांतील मुलांना सजगतेचे (माइंडफुलनेसचे, म्हणजे या क्षणी जे घडते आहे त्याकडे लक्ष देण्याचे) धडे दिले गेले आणि उरलेल्यांचे नेहमीचे शिक्षण चालू राहिले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, मुलांच्या मानसिक आरोग्यात या धड्यांमुळे नेहमीच्या शिक्षणापेक्षा अधिक सुधारणा दिसली नाही. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता.

हा निष्कर्ष आम्ही पालकसभेत लपवत नाही. त्यातून आम्ही घेतलेला अर्थ असा की, सगळ्या वर्गाला एकाच वेळी, अभ्यासक्रमाचा भाग म्हणून हे शिकवल्याने फारसे साधत नाही. ज्या मुलाला त्याची गरज वाटते, त्याच्या हाती एक साधन असावे, इतकाच हेतू ठेवावा. झोप, मैदानावरचा खेळ आणि घरातील बोलणे यांची जागा पाच मिनिटांचे ध्यान घेऊ शकत नाही. रात्री एक वाजेपर्यंत जागून पहाटे पाचला शिकवणीला जाणाऱ्या मुलाला ध्यान शिकवण्यापेक्षा झोपू देणे अधिक हिताचे आहे.

सत्र केव्हा घ्यावे आणि किती वेळ?

पाचवी ते सातवीसाठी तीन ते पाच मिनिटे, त्यापुढील वर्गांसाठी दहा मिनिटांपर्यंत, आठवड्यातून तीनदा. मधली सुट्टी संपल्यावर लगेचची वेळ सोयीची वाटते. पण डबा खाल्लेला असतो, पंखा गरम हवा फिरवत असतो, आणि अर्धा वर्ग पेंगतो. मार्चनंतर सोलापूरचा पारा चाळिशीकडे जाऊ लागतो, त्या काळात सकाळच्या शाळेतील पहिल्या तासिकेची सुरुवातीची मिनिटेच वापरावीत.

शाळेच्या आजूबाजूला यंत्रमाग आहेत. एवढ्या खडखडाटात ध्यान कसे होणार?

शांततेची वाट पाहत बसलो, तर पूर्व भागातील अनेक वर्गांत हे सत्र कधीच होणार नाही. सुदैवाने सरावाला शांतता लागत नाही. अशा ठिकाणी श्वासाऐवजी आवाजच लक्षाचा विषय करावा. मागाचा ठोका, त्यामागून येणारा रिक्षाचा हॉर्न, वर्गातल्या पंख्याची कुरकुर, असा जो आवाज येईल तो फक्त ऐकायचा, त्यावर चिडायचे नाही आणि त्याच्यामागे जायचेही नाही. मागावर काम करणाऱ्या घरांतील मुलांना तो आवाज आपल्यापेक्षा खूप कमी टोचतो, हेही शिक्षकांनी ध्यानात घ्यावे.

शिक्षकाने नेमके काय बोलावे?

कमीत कमी आणि नेहमीच्या आवाजात. प्रवचनाचा सूर लावला की मुले एकमेकांना कोपराने ढोसू लागतात. पुढील मजकूर पाच मिनिटांसाठी पुरतो. प्रत्येक वाक्यानंतर तीन-चार श्वासांइतके थांबावे.

“आरामात बसा. पाठ सरळ, पण ताठ नको. डोळे मिटायचे असतील तर मिटा, नाहीतर बाकाकडे बघा. पाय जमिनीला टेकलेत ते जाणवतंय का, बघा. आता श्वासाकडे लक्ष द्या. तो बदलायचा नाही. नाकात, छातीत, पोटात, जिथे कळतोय तिथे बघा. मनात दुसरं काही आलं तर हरकत नाही, सगळ्यांच्याच येतं. लक्षात आलं की परत श्वासाकडे या. आता खोलीतले आवाज ऐका. हाताची बोटं हलवा. डोळे उघडा.”

कन्नड, तेलुगू आणि उर्दू माध्यमाच्या वर्गांत या सूचना त्या-त्या भाषेत द्याव्यात. बोलीतील शब्द वापरले तरी काही बिघडत नाही.

मुले हसतात, कधी झोपतात. काय करावे?

पहिल्या काही दिवसांत हसू येणे स्वाभाविक आहे, दुर्लक्ष करावे. झोपलेल्याला शेवटी हळूच हाक मारावी. शिक्षा म्हणून कोणालाही ध्यानाला बसवू नये आणि गोंधळ करणाऱ्या वर्गाला गप्प करण्यासाठीही हे सत्र वापरू नये. तसे एकदा केले की मुलांच्या मनात ते कायमचे शिक्षेच्या खात्यात जमा होते.

ज्यांना सहभागी व्हायचे नाही त्यांचे काय?

त्यांना वर्गातच वाचू द्यावे किंवा चित्र काढू द्यावे. त्यांना व्हरांड्यात पाठवू नये आणि कारण विचारू नये. नंतर ‘तू का नाही बसलास?’ अशी चौकशी झाली, तर ऐच्छिक हा शब्द कागदावरच राहतो.

याने कोणाला त्रास होऊ शकतो का?

होऊ शकतो. ध्यान करणाऱ्यांपैकी काहींना अस्वस्थता, घाबरल्यासारखे वाटणे किंवा जुन्या आठवणी उसळून येणे असे अनुभव येतात आणि संशोधनात त्यांची नोंद आहे. घरात हिंसा, अपघात किंवा जवळच्या व्यक्तीचा मृत्यू पाहिलेल्या मुलाला डोळे मिटून शांत बसणे असह्य होऊ शकते. दमा असलेल्या मुलाला श्वासाकडे बारकाईने लक्ष देणे भीतीदायक वाटू शकते. त्याला पायांच्या तळव्यांकडे किंवा आवाजांकडे लक्ष द्यायला सांगावे. श्वास रोखून धरणे आणि जलद श्वासाचे प्रकार आम्ही मुद्दामच घेत नाही, कारण भराभर श्वास घेतल्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो आणि चक्कर किंवा मुंग्या येतात.

एखादे मूल रडू लागले तर सर्वांसमोर चौकशी न करता डोळे उघडायला सांगावे, पाणी द्यावे आणि त्याच्या विश्वासातील शिक्षकाने नंतर त्याच्याशी बोलावे. सतत उदास राहणे, झोप व भूक हरवणे, स्वतःला इजा करण्याचे बोलणे, यांवर ध्यान हा उपाय नव्हे. अशा वेळी पालकांना विश्वासात घेऊन मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावे. केंद्र शासनाची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते आणि संकटातील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

परीक्षेच्या दिवशी याचा वापर कसा करावा?

आधी काही आठवडे सराव केला असेल तरच करावा. पेपरच्या दिवशी पहिल्यांदा करून पाहण्यासारखे हे नाही. प्रश्नपत्रिका हाती आल्यावर डोळे उघडे ठेवूनच तीन श्वास सावकाश सोडावेत, पाय जमिनीला टेकवावेत आणि येणाऱ्या प्रश्नापासून लिहायला लागावे. थोडी धडधड उरली तरी चिंता नको, तेवढ्या धडधडीने पेपर बिघडत नाही. अभ्यासिकेत रोज दहा-बारा तास बसणाऱ्यांनी मात्र अशा श्वासांपेक्षा दर तासाला उठून चालण्याला अधिक महत्त्व द्यावे.

मोबाईलवरील अ‍ॅप वापरावे का?

शाळेत नको. ज्या यंत्रापासून थोडा वेळ दूर राहावे असे आपण मुलांना सांगतो, तेच पुन्हा हातात देण्यात अर्थ नाही.

शिकवणाऱ्या शिक्षकाची पात्रता काय असावी?

त्याने किमान काही आठवडे स्वतः सराव केलेला असावा आणि वर्गात मुलांबरोबर स्वतःही बसावे. सत्रात विद्यार्थ्याला स्पर्श करून बसण्याची ढब सुधारू नये, दार उघडे ठेवावे आणि एकट्या विद्यार्थ्याचे वेगळे सत्र घेऊ नये. शिक्षक घरी कोणत्या पंथाचा आहे, याच्याशी आम्हाला कर्तव्य नाही. तो पंथ वर्गात येऊ नये, एवढी अपेक्षा आहे.

बाहेरील संस्था मोफत सत्र घ्यायला तयार आहे. बोलवावे का?

बोलवण्यापूर्वी मुख्याध्यापकांनी त्यांच्याकडून सत्रात बोलला जाणारा संपूर्ण मजकूर लेखी मागून घ्यावा. व्यासपीठावर कोणाचे छायाचित्र लावणार का, सुरुवातीला किंवा शेवटी कोणाचे स्मरण करायला सांगणार का, पुस्तके विकणार का, मुलांना पुढील शिबिराचे किंवा सत्संगाचे निमंत्रण देणार का, हे स्पष्ट विचारावे. यांपैकी एकाचेही उत्तर होकारार्थी आले, तर तो उपक्रम कितीही चांगला असला तरी शाळेच्या वेळेत घेऊ नये. इच्छुक पालक मुलांना सुट्टीच्या दिवशी तेथे नेऊ शकतात. सत्र झालेच, तर वर्गशिक्षकाने पूर्ण वेळ वर्गात थांबावे आणि मुलांचे किंवा पालकांचे मोबाईल क्रमांक मागितले गेले, तर तेथेच नकार द्यावा.